टोळधाड आणि शेजारी देश : एका सहकार्याचा इतिहास

वाळवंटी टोळाचा कायमचा वावर मॉरिटानियापासून राजस्थानपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात असतो. शांततेच्या वर्षांत हा कीटक सुमारे तीस देशांतल्या १ कोटी ६० लाख चौरस किलोमीटर प्रदेशात एकएकटा, विखरून राहतो. तेव्हा शेतकऱ्याला त्याची खबरही नसते. पाऊस लागोपाठ चांगला झाला, ओसाड भागात हिरवळ टिकली, की त्याची संख्या वाढते आणि दाटी झालेल्या टोळांचा रंग, वागणूक, शरीराची ठेवण, सगळेच बदलते. एकटा राहणारा कीटक कळप करू लागतो. अशा धाडीच्या काळात तो साठेक देशांत, पृथ्वीवरील जमिनीच्या पाचव्या हिश्शावर पोहोचू शकतो.

एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार ते आठ कोटी टोळ असतात. प्रत्येक टोळ रोज आपल्या वजनाइतका, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम पाला खातो. एवढा एक थवा दिवसाला पस्तीस हजार माणसांना पुरेल इतके अन्न फस्त करतो, असा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा, म्हणजे एफएओचा, हिशेब आहे. थवा वाऱ्याबरोबर दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर जातो. १९५४ मध्ये वायव्य आफ्रिकेतून निघालेले टोळ ब्रिटनपर्यंत गेले होते आणि १९८८ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून उठलेले थवे अटलांटिक ओलांडून सुमारे दहा दिवसांत कॅरिबियन बेटांवर उतरले होते.

मादी ओल्या वाळूत दहा-पंधरा सेंटिमीटर खोल अंडी घालते. हवामान साथ देत असेल तर दर तीन महिन्यांनी संख्या सुमारे वीसपट होते : सहा महिन्यांत चारशेपट, नऊ महिन्यांत आठ हजारपट. टोळधाडीच्या राजकारणाचे मूळ या गुणाकारात आहे. पहिल्या तीन महिन्यांत जे काम दोन-चार गाड्या आणि काही माणसे करू शकतात, त्यालाच नवव्या महिन्यात विमाने लागतात. आणि हे पहिले तीन महिने बहुतेक वेळा अशा वाळवंटात जातात, जिथे ना शेत असते ना शेतकरी. ज्या देशात टोळ जन्मतात त्याचे नुकसान थोडे, ज्या देशावर ते उतरतात त्याचे फार. शेजाऱ्याच्या ओसाड जमिनीवर काय चालले आहे हे वेळेवर कळले नाही, तर दुसऱ्या देशाला स्वतःच्या पिकावर उतरलेला थवा मारत बसण्यावाचून मार्ग उरत नाही.

महाराष्ट्राचा जुना अनुभव वेगळा होता. मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०१ ते १९०८ या काळात, टोळांनी मोठा उच्छाद मांडला होता. ती जात वाळवंटी टोळाची नव्हती. कीटकशास्त्रात तिला ‘बॉम्बे लोकस्ट’ असेच नाव पडले. तिचे थवे कोरडे महिने सह्याद्रीच्या जंगलात काढत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पूर्वेकडे पसरून अंडी घालत. एच. मॅक्सवेल-लेफ्रॉय या सरकारी कीटकशास्त्रज्ञाने तिचा सविस्तर अभ्यास १९०६ मध्ये प्रसिद्ध केला. या टोळाचा सगळा जीवनक्रम एकाच राजवटीच्या हद्दीत पुरा होत होता. त्यामुळे त्याचा बंदोबस्त हा एका सरकारचा प्रश्न राहिला. वाळवंटी टोळाच्या बाबतीत ही सोय निसर्गानेच ठेवलेली नाही.

परंपरागत उपाय गावापुरते होते. थाळ्या, डबे, ढोल वाजवून थवा उतरू न देणे, रात्री झाडावर बसलेले टोळ जाळणे, बिनपंखी पिल्लांच्या रांगांपुढे चर खणून त्यांना त्यात पुरणे, अंडी नांगरून उघडी पाडणे. यातला आवाजाचा उपाय थवा फक्त पुढच्या गावाकडे हाकलतो. देशांनीही बराच काळ हेच केले. आपल्या हद्दीतून थवा निघून गेला की काम संपले, असे मानले जाई.

पहिला महत्त्वाचा आंतरराष्ट्रीय करार १९२० मध्ये रोम येथे झाला. त्याने टोळांविषयीची माहिती एकमेकांना कळवण्याचे तत्त्व मान्य केले. पण करारावर सह्या करणारे देश एकमेकांपासून इतके दूर होते की त्यातून फारसे काही उभे राहिले नाही. त्याहून ठोस पाऊल १९२६ मध्ये पडले. सीरिया, इराक, तुर्कस्तान यांसह पश्चिम आशियातल्या शेजारी प्रदेशांनी दमास्कस येथे टोळांच्या माहितीचे संयुक्त कार्यालय स्थापन करण्याचा करार केला. पहिले महायुद्ध संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि या प्रदेशांच्या सीमा नुकत्याच आखल्या गेल्या होत्या. ज्यांचे इतर बाबतींत पटत नव्हते तेही टोळांच्या बाबतीत एकमेकांना पत्रे पाठवायला तयार झाले.

याच सुमारास शास्त्रही पुढे सरकले. रशियन साम्राज्यात जन्मलेले आणि १९२० मध्ये लंडनला आलेले बोरिस उवारोव्ह यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले की एकटा राहणारा आणि थव्याने फिरणारा टोळ या दोन वेगळ्या जाती नसून एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत. तोवर धाड ओसरल्यावर टोळ जातात कुठे, याचे उत्तर कोणाकडे नव्हते. आता ते मिळाले : ते कुठेच जात नाहीत, वाळवंटात एकेकटे राहतात. त्यामुळे धाडीच्या मधल्या शांत वर्षांत त्यांच्यावर नजर ठेवणे शक्य झाले आणि गरजेचेही ठरले. १९३१ ते १९३८ या काळात रोम, पॅरिस, लंडन, कैरो आणि ब्रुसेल्स अशा पाच आंतरराष्ट्रीय टोळ परिषदा भरल्या. त्यांचा मुख्य विषय टोळांच्या उगमस्थानांचा शोध हाच होता.

हिंदुस्थानात १९२६ ते १९३१ ही सलग धाडीची वर्षे गेली. पिकांचे नुकसान त्या वेळच्या पैशांत सुमारे १० कोटी रुपये झाले, असा अंदाज नोंदलेला आहे. त्यानंतर सरकारने कृषी संशोधन परिषदेमार्फत टोळांचा अभ्यास सुरू केला आणि त्याची धुरा रावबहादूर वाय. रामचंद्र राव यांच्याकडे सोपवली. राव आणि त्यांचे सहकारी सिंध, बलुचिस्तान, मकरानचा किनारा आणि राजपुतान्याचे वाळवंट वर्षानुवर्षे फिरले. या कामाचा त्यांनी लिहिलेला ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय कीटकशास्त्रात इतके चिकाटीचे क्षेत्रकाम विरळाच.

रावांच्या पाहणीतून टोळाचे वार्षिक वेळापत्रक स्पष्ट झाले. हिवाळ्यात आणि वसंतात पाऊस पडतो तो इराण आणि बलुचिस्तानात. तिथे टोळांची एक पिढी होते. उन्हाळ्यात तो भाग करपतो, तेव्हा नवे टोळ वाऱ्याबरोबर पूर्वेला सरकतात आणि मोसमी पावसावर थरच्या वाळवंटात दुसरी पिढी जन्माला घालतात. शरद ऋतूत त्यांची पिल्ले पुन्हा पश्चिमेकडे जातात. सिंधूच्या अलीकडे उन्हाळी घर, पलीकडे हिवाळी घर. पुढे १९५१ मध्ये आर. सी. रेनी यांनी थव्यांच्या प्रवासाचे सर्वसाधारण कारणही मांडले : थवे वाऱ्याच्या दिशेने जातात, आणि वारे जिथे एकत्र येतात तिथे पाऊस पडत असल्याने टोळ आपोआप पावसाच्या प्रदेशात जाऊन पोहोचतात.

१९३९ मध्ये टोळ इशारा संघटना स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय नवी दिल्लीत आणि उपकेंद्र कराचीत होते. रावांच्या वेळापत्रकाला साजेशी ही रचना होती : एक पाय सिंधूच्या तोंडाशी, दुसरा गंगा-यमुनेच्या प्रदेशात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० नंतर पुन्हा धाड आली तेव्हा मध्यपूर्वेतल्या सैन्याच्या आणि लोकांच्या अन्नपुरवठ्याचा प्रश्न उभा राहिला. मग कैरोतील मध्यपूर्व पुरवठा केंद्राच्या छत्राखाली टोळविरोधी पथक काम करू लागले. प्रवासलेखक म्हणून नाव मिळवलेले विल्फ्रेड थेसिजर यांनी १९४५ पासून अरबस्तानातल्या रुब-अल-खाली या निर्जन वाळवंटात भटकंती केली, ती मुळात याच पथकासाठी टोळांची उगमस्थाने शोधायला. पुढे पंच्याहत्तर वर्षांनी याच वाळवंटाची आठवण जगाला करावी लागली.

१९४७ च्या फाळणीने टोळ इशारा संघटनेचे मधोमध दोन तुकडे केले. कराचीचे केंद्र आणि बलुचिस्तान-मकरानची ठाणी पाकिस्तानकडे गेली, राजस्थान-गुजरातची भारताकडे राहिली. पाकिस्तानने कराचीतच आपला वनस्पती संरक्षण विभाग उभारला. भारताने जोधपूरला क्षेत्रीय मुख्यालय केले. आज जैसलमेर, बिकानेर, फलोदी, बाडमेर, जालोर, चुरू, नागौर, सुरतगढ ही राजस्थानातली आणि पालनपूर, भूज ही गुजरातमधली अशी दहा मंडळ कार्यालये सुमारे दोन लाख चौरस किलोमीटर वाळवंटावर नजर ठेवतात. टोळाच्या दृष्टीने मात्र वाळवंट एकच राहिले. हिवाळी पिढीची माहिती आता एका देशाच्या दप्तरात आणि उन्हाळी पिढीची दुसऱ्याच्या, एवढाच फरक पडला, आणि तो मोठा होता.

त्याची किंमत लगेच मोजावी लागली. १९४९ मध्ये सुरू झालेली धाड काही खंड पडत १९६३ पर्यंत चालली. एफएओने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच समन्वयाचे काम अंगावर घेतले आणि १९५५ मध्ये वाळवंटी टोळ नियंत्रण समिती स्थापली. टोळांच्या बातम्या एकत्र करून नकाशे आणि अंदाज काढण्याचे काम १९४३ पासून लंडनमध्ये होत होते. १९७८ मध्ये तेही एफएओच्या रोम कार्यालयात आले. १९६० ते १९७० या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विशेष निधीतून एक मोठा टोळ प्रकल्प चालला. कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, संशोधन, साहित्य असे बरेच त्यातून मिळाले. पण त्याचे सर्वांत टिकाऊ फळ म्हणजे प्रादेशिक संघटना. जगभरच्या समितीत साठ देशांचे एकमत व्हायला वेळ लागतो. ज्यांच्यात थवे प्रत्यक्ष ये-जा करतात अशा चार-पाच शेजाऱ्यांना आपले हित लगेच दिसते.

या विचारातून १९६४ मध्ये नैर्ऋत्य आशिया टोळ आयोग अस्तित्वात आला. सदस्य चार : अफगाणिस्तान, भारत, इराण आणि पाकिस्तान. एफएओच्या घटनेनुसार झालेल्या कराराने स्थापन झालेल्या तीन टोळ आयोगांत हा सर्वांत जुना. सदस्य देश आपापली वर्गणी एका सामाईक निधीत भरतात, ठरावीक काळाने अधिवेशन घेतात, पाहणीचे अहवाल एकमेकांना आणि रोमला पाठवतात, कर्मचाऱ्यांना एकत्र प्रशिक्षण देतात. आयोगाकडे ना फवारणीची विमाने आहेत, ना कोणावर सक्ती करण्याचा अधिकार. कागदावर तो अगदी दुबळा वाटतो. स्थापनेनंतर एका वर्षात भारत-पाकिस्तान युद्ध झाले, १९७१ मध्ये दुसरे झाले, १९७९ मध्ये इराणात क्रांती आणि अफगाणिस्तानात सोव्हिएत सैन्य आले. तरी आयोग मोडला नाही.

त्याचे एक कारण कीटकनाशकांच्या इतिहासात आहे. महायुद्धापूर्वी भुशात सोमलाचे क्षार मिसळून आमिष पेरत. युद्धाच्या सुमारास बीएचसीची भुकटी आली. पन्नाशीत आले डिएल्ड्रिन. ते वाळवंटात पट्टे आखून मारून ठेवले की आठवडेच्या आठवडे विषारी राही आणि पिल्लांच्या झुंडी चालत चालत त्या पट्ट्यात येऊन मरत. पिल्ले नेमकी कुठे आहेत हे माहीत नसले तरी काम भागे. पण हेच विष माती, पक्षी, गुरे आणि माणसाच्या शरीरातही साचत गेले आणि १९८० च्या दशकात त्याचा वापर थांबवावा लागला. त्याच्या जागी आलेली मेलॅथिऑनसारखी औषधे लवकर विघटित होतात. ती टोळांच्या अंगावरच पडावी लागतात. म्हणजे थवा कोणत्या टेकडीच्या पायथ्याशी उतरला आहे हे त्याच दिवशी कळले पाहिजे. औषध सौम्य झाले तसतशी शेजाऱ्याच्या माहितीची किंमत वाढत गेली. अलीकडे मेटारायझियम या बुरशीपासून केलेले जैविक कीटकनाशकही वापरात आले. त्याचा परिणाम दिसायला दिवस लागतात, त्यामुळे ते पिल्लांच्या अवस्थेतच, म्हणजे आणखी लवकरच्या माहितीवर, वापरावे लागते.

भारत-पाकिस्तानमधल्या या माहितीच्या व्यवहाराची सर्वांत जिवंत जागा म्हणजे बाडमेर जिल्ह्यातले मुनाबाव आणि पलीकडे सिंधमधले खोखरापार. जोधपूरहून सिंधला जाणारा लोहमार्ग या दोन ठाण्यांवरून जातो. १९६५ च्या युद्धात तो बंद पडला. २००६ मध्ये थर एक्सप्रेसने तो पुन्हा सुरू झाला आणि २०१९ मध्ये परत थांबला. गाडी चालू असो वा नसो, जून ते नोव्हेंबर या हंगामात दोन्ही देशांच्या टोळ अधिकाऱ्यांची बैठक दर महिन्याला या दोनपैकी एका ठिकाणी घेण्याची पद्धत सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून पडली. विषय ठरलेले : मागच्या महिन्यात कुठे पाहणी केली, किती टोळ दिसले, कोणत्या अवस्थेत दिसले, पाऊस किती झाला, पुढच्या महिन्यात वारा कुठला. जोधपूर आणि कराची यांच्यात हंगामात बिनतारी संदेशही जात-येत. या बैठकांना मंत्री जात नाहीत, त्यांची छायाचित्रे पहिल्या पानावर येत नाहीत. दोन्हीकडची माणसे कीटकशास्त्रज्ञ असतात आणि एकमेकांच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याची त्यांना व्यावसायिक सवय असते. २०१९ मध्ये पुलवामा आणि बालाकोटनंतर दोन्ही देशांचे संबंध तळाला गेले होते, त्या वर्षीही टोळांच्या बैठका झाल्या. या उपखंडात इतके दीर्घकाळ टिकलेले सरकारी संवाद थोडेच आहेत.

आयोगाच्या पश्चिम टोकाला इराण आणि पाकिस्तान यांनी १९९५ पासून वसंत ऋतूत संयुक्त पाहणी सुरू केली. दोन्ही देशांचे अधिकारी एकत्र गाड्यांतून एप्रिलच्या सुमारास बलुचिस्तानच्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचा उजाड मुलूख तपासतात. हा मुलूख तस्करी आणि चकमकींमुळे अवघड आहे. तिथली स्थिती भारताला जूनच्या आधीच कळते. टोळ आले तर कुठल्या महिन्यात आणि किती, याचा अंदाज राजस्थानला त्यातूनच बांधता येतो.

या आयोगाचा आणि त्याच्याही आधीपासून वाढत गेलेल्या सहकार्याचा भारताला झालेला लाभ आकड्यांतून दिसतो. १९२६-३१ च्या धाडीत १० कोटी रुपयांचे नुकसान झाले. १९४०-४६ आणि १९४९-५५ या दोन्ही धाडींत प्रत्येकी सुमारे २ कोटी, तर १९५९-६२ मध्ये सुमारे ५० लाख. रुपयाची किंमत या काळात घसरत गेली होती, हे लक्षात घेतले तर घट आणखी मोठी ठरते. १९६२ नंतर भारतात अनेक वर्षे चालणारी धाड आलीच नाही. १९७८ आणि १९९३ मध्ये थवे आले. १९९३ मध्ये १७२ थवे मोजले गेले. पण ते एका हंगामात आवरले. याचे सगळे श्रेय सहकार्याला देता येणार नाही. पावसाची साथ, चांगली औषधे, वाहने, पुढे उपग्रहांवरून दिसणारी हिरवळ आणि पाऊस यांचाही वाटा आहे. पण ही साधने नेमकी कुठे वापरायची, हे सरहद्दीपलीकडच्या अहवालांवाचून ठरत नव्हते.

आफ्रिकेत संघटना जास्त महत्त्वाकांक्षी होत्या. पूर्व आफ्रिकेतील देशांनी १९६२ मध्ये अदिस अबाबा येथे करार करून टोळ नियंत्रण संघटना स्थापली. तिच्याकडे स्वतःची विमाने आणि वैमानिक होते. पश्चिम आफ्रिकेतील फ्रेंचभाषक देशांनी १९६५ मध्ये डाकारला अशीच संघटना उभारली. सदस्यांनी आपले काम तिच्यावर सोपवले आणि टोळ दिसेनासे झाल्यावर वर्गण्या थकवल्या. १९८६-८९ ची मोठी धाड आली तेव्हा डाकारच्या संघटनेकडे लढायला बळ नव्हते, आणि धाड संपता संपता तिचे नियंत्रणाचे काम काढून घेण्यात आले. त्या धाडीवर सुमारे ३० कोटी डॉलर खर्च झाले. २००३-०५ मध्ये पश्चिम आफ्रिकेत पुन्हा उद्रेक झाला, तेव्हा वीसहून अधिक देशांत सुमारे १ कोटी ३० लाख हेक्टरांवर फवारणी करावी लागली आणि खर्च ४० कोटी डॉलरच्या वर गेला. विमाने नसलेला आशियाई आयोग टिकला आणि विमाने असलेली संघटना कोलमडली, हा योगायोग नाही. आशियाई आयोगाने प्रत्येक देशाचे टोळ खाते त्या देशाकडेच ठेवले आणि फक्त माहिती सामाईक केली. वर्गणी थकली तरी बातमी थांबत नव्हती.

आफ्रिका-अरबस्तानातही पुढे हाच धडा घेतला गेला. कैरोतील मध्यवर्ती विभागाचा टोळ आयोग १९६७ पासून होताच. २००२ मध्ये अल्जीयर्स येथे पश्चिम आफ्रिका आणि वायव्य आफ्रिकेतील देशांचा एकत्र आयोग झाला. १९९४ पासून एफएओने धाड येण्याआधीच रोखण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पाहणी करणारा माणूस वाळवंटातूनच हातातल्या यंत्रावर नोंद करतो आणि ती रोममध्ये पोहोचते, अशी सोय झाली.

मात्र ही साखळी तिच्या एका कडीवर किती अवलंबून आहे हे २०१८ मध्ये कळले. त्या वर्षी मे महिन्यात मेकुनू आणि ऑक्टोबरमध्ये लुबान ही चक्रीवादळे अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर धडकली. रुब-अल-खालीत वाळूच्या टेकड्यांमध्ये पाण्याची तळी झाली. तिथे कोणी पाहणी करत नव्हते. टोळांच्या तीन पिढ्या एकापाठोपाठ एक झाल्या, म्हणजे संख्या सुमारे आठ हजारपट झाली. तिथून थवे येमेनमध्ये उतरले. येमेनचे टोळ केंद्र पूर्वी कार्यक्षम होते, पण २०१४-१५ पासूनच्या युद्धाने त्याला देशाच्या बऱ्याच भागात जाताच येत नव्हते. दुसरी शाखा इराणमार्गे पाकिस्तान आणि भारतात आली. २०१९ मध्ये हिंदी महासागराचे तापमान असाधारण असंतुलित होते. भारतात मोसमी पाऊस लांबला, पूर्व आफ्रिकेतही भरपूर पाऊस झाला आणि डिसेंबरमध्ये सोमालियाला पवन चक्रीवादळाचा तडाखा बसला. केनियात सत्तर वर्षांत अशी धाड आली नव्हती. २०२० च्या सुरुवातीला पाकिस्तान आणि सोमालिया या दोन्ही देशांनी आणीबाणी जाहीर केली.

भारतात मे २०१९ ते फेब्रुवारी २०२० या काळात ४ लाख ३ हजार हेक्टरांवर नियंत्रणाचे काम झाले. गुजरातमधल्या बनासकांठ्यात रब्बीच्या पिकांना झळ पोहोचली. एप्रिल २०२० मध्ये थवे नेहमीपेक्षा बरेच लवकर आले. राजस्थानात तेव्हा हिरवे काही नव्हते. म्हणून अर्धवट वाढलेले गुलाबी टोळ जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर पूर्वेला सरकले. मेच्या शेवटच्या आठवड्यात ते मध्य प्रदेशातून विदर्भात उतरले. अमरावती जिल्ह्यात मोर्शी, वर्ध्यात आष्टी, नागपूर जिल्ह्यात काटोलच्या परिसरात संत्र्याच्या बागा आणि भाजीपाल्यावर ते बसले. कृषी विभागाने अग्निशमन दलाचे बंब घेऊन रात्री झाडांवर फवारणी केली. विदर्भातल्या बहुतेक शेतकऱ्यांनी वाळवंटी टोळ तोवर कधी पाहिला नव्हता. जूनच्या अखेरीस काही थवे नेपाळमध्येही गेले.

हे सगळे कोविडच्या टाळेबंदीत घडत होते. मुनाबावला समोरासमोर बसणे अवघड झाले, तेव्हा एफएओने मार्च २०२० पासून चारही सदस्य देशांच्या तांत्रिक अधिकाऱ्यांची दर आठवड्याला ऑनलाइन बैठक सुरू केली. महिन्यातून एकदा होणारा संवाद आठवड्यावर आला. इराणमध्ये कीटकनाशकाची टंचाई होती. भारतातल्या सरकारी एचआयएल कंपनीने जून २०२० मध्ये इराणला २५ टन मेलॅथिऑन पाठवले. इराणमध्ये मारलेला टोळ राजस्थानात येत नाही, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. पाकिस्तानलाही तसा देकार दिल्याच्या बातम्या होत्या. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. राजकारणाची मर्यादा इथे स्पष्ट दिसते : माहिती सरहद्द ओलांडू शकली, औषध ओलांडू शकले नाही. भारताने त्या वर्षी टोळांवर फवारणीसाठी ड्रोन वापरले आणि एफएओने त्याची दखल घेतली. केंद्र आणि राज्ये मिळून पाच लाखांहून अधिक हेक्टरांवर काम झाले. पावसाळ्यात राजस्थानात झालेली पिल्ले बऱ्याच अंशी उडण्याआधी मारली गेली, आणि २०२१ मध्ये भारतात थवे आले नाहीत.

नैर्ऋत्य आशिया आयोगाचे सदस्य १९६४ मध्ये चार होते आणि आजही चारच आहेत. उत्तर अफगाणिस्तानला वाळवंटी टोळापेक्षा मोरोक्कन टोळाचा त्रास जास्त होतो, आणि २०२३ मध्ये त्याचा उद्रेक झाला तेव्हा तिथे यंत्रणा फार तुटपुंजी उरली होती. नेपाळ आयोगात नाही. येमेन, ओमान आणि सौदी अरेबिया हे कैरोच्या आयोगात मोडतात, म्हणजे २०२० मध्ये राजस्थानवर आलेल्या धाडीचे मूळ उगमस्थान मुनाबाव-खोखरापारच्या बैठकांच्या कक्षेबाहेर होते. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे प्रमाण वाढत असताना ही विभागणी जुनी झाली आहे. दोन्ही आयोगांनी रुब-अल-खाली आणि मकरान यांची पाहणी एकत्र करावी, तिचा खर्च भारताने आणि सौदी अरेबियाने पुढाकार घेऊन उचलावा, आणि हे काम टोळ दिसत नसलेल्या वर्षांतच सुरू करावे.